उवेला मुकुट, पिसवेला चिलखत

एखादा लेखक आपल्या ग्रंथाचा आरंभ कशाने करतो, यावरून त्याची निम्मी ओळख पटते. कोणी ईशस्तवनाने करतो, कोणी विश्वाच्या उत्पत्तीने, कोणी आपल्या कुळाच्या मोठेपणाने. रॉबर्ट हुक नावाच्या इंग्रजाने १६६५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केलेला ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ मात्र सुईच्या टोकापासून सुरू होतो. भूमितीचा आरंभ जसा बिंदूपासून, तसा आपल्या निरीक्षणांचा आरंभ टोकापासून, असे तो म्हणतो. आणि मग त्या टोकाची सूक्ष्मदर्शकाखाली अशी काही फजिती करतो की वाचणाऱ्याला हसू आवरत नाही. नुसत्या डोळ्याला अणकुचीदार वाटणारी सुई काचेखाली पावसापाण्याने झिजलेल्या खुंटासारखी बोथट आणि ओबडधोबड दिसते. छापील पुस्तकातला सुबक पूर्णविराम म्हणजे रस्त्यावरच्या चिखलाचा शिंतोडा. न्हाव्याच्या वस्तऱ्याची चकचकीत धार म्हणजे नांगरून ठेवलेले शेत!

ऐन दिवाळीत, चकल्या-करंज्यांची ताटे समोर असताना, उवा, पिसवा आणि बुरशी यांच्यावरील पुस्तकाची चर्चा काढणे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना शोभेलसे वाटणार नाही. (मूत्रातल्या खड्यांवरही या ग्रंथात एक प्रकरण आहे, ते मी मुद्दामच गाळतो.) त्यांना माझे उत्तर एवढेच की, विज्ञानाचे म्हणून जे ग्रंथ ओळखले जातात त्यांतले वाङ्‌मय म्हणून वाचण्याजोगे फार थोडे असतात, आणि हा त्या थोड्यांपैकी एक आहे. शिवाय त्याचा निम्मा भाग तरी घरात मुलाबाळांसमोर मोठ्याने वाचून दाखवण्यासारखा आहे. शास्त्राच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहेच. परंतु इतिहासात स्थान मिळालेल्या पुस्तकांचे दुर्दैव असे की, लोक त्यांना नमस्कार करतात आणि वाचत नाहीत.

पुस्तकाची कूळकथा थोडक्यात सांगतो. हुकचा जन्म १६३५ सालचा, इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावरचा. बाप धर्मोपदेशक, तो हुक लहान असतानाच वारला. चित्रकलेचा हात चांगला म्हणून मुलाला लंडनला पीटर लेली या नामांकित चित्रकाराकडे ठेवले होते; ते फार दिवस टिकले नाही, पण तिथे जे हाताला लागले ते पुढे या ग्रंथात उतरले. १६६२ साली नव्यानेच स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीत प्रयोग करून दाखवणारा अधिकारी म्हणून त्याची नेमणूक झाली, आणि ग्रंथ बाहेर पडला तेव्हा तो तीस वर्षांचाही नव्हता. एकूण साठ निरीक्षणे, अडतीस चित्रपत्रे, किंमत तीस शिलिंग. म्हणजे त्या काळी चांगलीच भारी. तरीही इंग्लंडच्या आरमारी खात्यातला कारभारी सॅम्युएल पीप्स, जो आपल्या रोजनिशीमुळे अमर झाला आहे, त्याने तो विकत घेतला आणि रात्री दोन वाजेपर्यंत जागून वाचला. आपण वाचलेल्या पुस्तकांत इतके कल्पक दुसरे नाही, अशा अर्थाची नोंद त्याने करून ठेवली आहे. कादंबरी नव्हे, रहस्यकथा नव्हे, आणि माणूस रात्री दोनपर्यंत जागतो! आमच्या विज्ञानलेखकांनी याचा हेवा करावा.

माझ्या हाताशी असलेली प्रत १९६१ साली अमेरिकेतल्या डोव्हर प्रकाशनाने काढलेल्या प्रतिमुद्रणाची आहे. तीनशे वर्षांपूर्वीची ती वळणदार अक्षरे, ‘एस’ आणि ‘एफ’ यांचा होणारा घोटाळा, यांची सवय व्हायला पाच-दहा पाने लागतात. एकदा सवय झाली म्हणजे लक्षात येते की, हुकचे गद्य डोळ्याच्या गतीने चालते. तो आधी वस्तूच्या एका कडेला जातो, मग तिथून सरकत सरकत पुढे येतो, मध्येच थबकतो, प्रकाश दुसरीकडून टाकून पाहतो, मग पुन्हा सुरुवात करतो. त्याची वाक्ये लांब आहेत, अर्धविरामांनी लोंबकळत राहणारी आहेत. परंतु ती लांबी पांडित्याची नसून पाहण्याची आहे. आणि उपमा कोठून घेतो, तर घरातून आणि रस्त्यावरून. तलम कापड भिंगाखाली जाळीच्या खिडकीसारखे दिसते; रेशीम विणलेल्या बुरुडकामासारखे. ज्याने जन्मात सूक्ष्मदर्शक पाहिला नाही अशा वाचकाला ओळखीच्या वस्तूच्या आधाराने अनोळखी वस्तूपर्यंत कसे न्यावे, याचा वस्तुपाठ हवा असेल तर तो इथे आहे. पुढे विज्ञानाची भाषा काटेकोर झाली हे खरे. पण ती काटेकोर होता होता घराबाहेर पडली हेही तितकेच खरे.

हुक आपल्या कामातल्या अडचणी लपवीत नाही, हा त्याचा दुसरा गुण. लंडनचे आभाळ बहुधा मळभलेले. तेव्हा तेलाचा दिवा, त्याच्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा आणि त्याच्याहीपुढे एक भिंग अशी रचना करून तो उजेड गोळा करतो. मुंगीचे चित्र काढायचे तर मुंगी स्वस्थ बसत नाही. पाय मेणात चिकटवावेत तर ती अंग पिळून घेते. मारावी तर आकार बिघडतो. शेवटी त्याने तिला ब्रँडी पाजली! मुंगी धुंद होऊन पडली आणि हुकने आपले चित्र उरकून घेतले. तासाभराने ती अचानक जागी झाली आणि जणू काही घडलेच नाही अशी पळू लागली. हा प्रसंग सांगताना हुकला मुंगीविषयी जी गंमत आणि जी आपुलकी वाटते, ती शब्दांत उतरली आहे. एका माशीच्या डोळ्यांवर त्याने चौदा हजारांच्या जवळपास घुमट मोजले, आणि त्यांतल्या एकेका घुमटात आपल्या खोलीची खिडकी, बाहेरचे झाड आणि मध्ये धरला तर आपला स्वतःचा हात यांचे इवलेसे प्रतिबिंब पाहिले. माशीच्या डोळ्याकडे पाहणारा माणूस, आणि त्या डोळ्यात उमटलेला त्याचाच हात. कवीला याहून अधिक काय हवे असते?

मराठी वाचकाला या ग्रंथात दोन ठिकाणी आपल्या अंगणात आल्यासारखे वाटेल. पहिले ठिकाण म्हणजे सव्विसावे निरीक्षण. पूर्वेकडून, हिंदुस्थानाकडून येणाऱ्या एका वनस्पतीची लव अंगाला लागली की भयंकर खाज सुटते. तिला इंग्रज लोक जे नाव देतात ते आपल्याकडच्याच ‘कवाच’ किंवा ‘केवाच’ या नावाचा अपभ्रंश आहे. हीच आपली खाजकुयली! शाळेत मास्तरांच्या खुर्चीवर टाकण्यापलीकडे तिचा शास्त्रीय उपयोग आपण फारसा केला नाही. हुकने ती भिंगाखाली ठेवली आणि त्याला टोकाकडे निमुळते होत गेलेले, ठिसूळ, टोचणीसारखे असंख्य काटे दिसले. त्याच्या आधीचे प्रकरण आगपानाच्या भाईबंदाचे, म्हणजे विलायती खाजकोलतीचे आहे. तिथे त्याने काट्यावर आपलेच बोट दाबून धरले आणि काट्याच्या बुडाशी असलेल्या पिशवीतला रस वर सरकताना पाहिला. एक डोळा भिंगाला, एक बोट काट्याला. ‘आग का होते?’ हा प्रश्न पोराटोरांना रोज पडतो. त्याचे उत्तर स्वतःच्या कातडीवर घेणारा ग्रंथकार विरळा.

दुसरे ठिकाण मोरपिसाचे. पुस्तकात मोरपीस ठेवून ते विण्याची वाट पाहिली नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. हुकने त्याच मोरपिसाचा एकेक तंतू पाहिला, त्यात चकचकीत पातळ थरांची रचना पाहिली, आणि पीस पाण्याने भिजवताच रंग नाहीसे होतात हेही पाहिले. यावरून त्याने काढलेला निष्कर्ष धाडसी आहे: हा निळा-हिरवा रंग पिसाला फासलेला नाही; प्रकाश त्या बारीक रचनेत शिरून, परावर्तित होऊन बाहेर पडतो त्याचा हा खेळ आहे. तीनशे अडतीस वर्षांनी, २००३ साली, चिनी संशोधकांनी विद्युत्-सूक्ष्मदर्शकाने मोरपिसाच्या तंतूंत काळ्या द्रव्याच्या बारीक कांड्यांची जाळीसारखी मांडणी दाखवून दिली. कांड्यांमधील अंतर बदलले की रंग बदलतो. मांडणी हुकने कल्पिली तशीच आहे असे नव्हे. पण रंग रंगद्रव्याचा नसून रचनेचा आहे हे त्याचे म्हणणे मात्र उभे राहिले.

याच धर्तीवर त्याने रेशमाविषयी एक बोलून ठेवले आहे. रेशीम म्हणजे किड्याच्या तोंडातून निघणारा एक चिकट द्रव, तर मग माणसानेही एखादा तसाच चिकट पदार्थ तयार करून त्याचे तंतू का ओढू नयेत? हे वाचून त्या काळच्या विणकरांनी काही केल्याचे दिसत नाही. पण फ्रान्सच्या शार्दोने याने १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात कृत्रिम रेशीम मांडले तेव्हा कल्पना दोनशे चोवीस वर्षे शिळी झालेली होती. दिवाळीच्या खरेदीत जी चमकदार साडी ‘रेशमी’ म्हणून गळ्यात पडते, तिच्या वंशावळीत हुकचे नाव घालायला हरकत नाही.

आता ज्या पानामुळे हा ग्रंथ शाळेच्या क्रमिक पुस्तकांत जाऊन बसला, त्या अठराव्या निरीक्षणाकडे येतो. बुचाचा एक तुकडा घेऊन, पाजळलेल्या चाकूने त्याची अतिशय पातळ चकती काढून, ती काळ्या पट्टीवर ठेवून हुकने पाहिली. त्याला मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. त्यांना त्याने जे नाव दिले त्याचा अर्थ छोटी खोली असा होतो; मठातल्या साधूची असते तशी, किंवा पोळ्यातल्या माशीची. मग तो मोजायला लागतो. एका इंचाच्या अठराव्या हिश्शात साठ कप्पे. म्हणजे इंचात १,०८०. म्हणजे चौरस इंचात ११,६६,४००. आणि घन इंचात १,२५,९७,१२,०००! हा आकडा गाठल्यावर, भिंगाने खात्री पटवली नसती तर यावर विश्वास बसला नसता, असे तो जवळजवळ ओशाळून म्हणतो. शास्त्रज्ञाच्या तोंडचा हा अविश्वास मला त्या सबंध आकडेमोडीपेक्षा मोलाचा वाटतो.

परंतु मजा अशी की, हुकला बुचात जीवनाचे मूळ सापडल्याचा पत्ताच नव्हता. त्याला कोडे होते ते निराळेच: बूच हलके का, पाण्यावर तरंगते का, दाबले तर पुन्हा फुगते का? उत्तर मिळाले: असंख्य बंद खोल्या आणि त्यांत कोंडलेली हवा. प्रश्न सुटला, प्रकरण संपले. हिरव्या वनस्पतींत हेच कप्पे रसाने भरलेले असतात हेही त्याने नोंदले, आणि तसाच पुढे गेला. खोलीत राहणारा कोण, हे विचारायला १८३८-३९ साली श्लायडेन आणि श्वान यावे लागले. वनस्पती काय, प्राणी काय, सारे याच घटकांचे बांधलेले आहेत असे त्यांनी सांगितले. हुकने पाहिल्या त्या मेलेल्या झाडाच्या भिंती, ओसाड पडलेला वाडा. इंग्रजीने मात्र त्या रिकाम्या खोलीचे नावच जिवंत घटकाला कायमचे देऊन टाकले. आपल्या भाषेने इथे अधिक शहाणपणा दाखवला असे मला वाटते. ‘पेशी’ हा शब्द आपण घेतला तो मांसाचा आणि गर्भाचा. संस्कृत वैद्यकात मांसपेशीला आणि पोटातल्या गर्भाच्या घट्ट गोळ्याला हा शब्द होता. हिंदीतली ‘कोशिका’ म्हणजे पुन्हा लहानसे म्यानच, पुन्हा पोकळीच. मराठी शब्दात भिंत नाही, आतला माणूस आहे. हा केवळ योगायोग असेल. पण भाषेचे योगायोगही दाद देण्यासारखे असतात.

एवढी स्तुती केल्यावर दोष दाखवण्याचा अधिकार मला पोहोचतो. पहिला दोष विचाराचा. सुई, वस्तरा, कापड ही माणसाची कामगिरी भिंगाखाली बेढब ठरते. उलट माशीचा पाय, पिसाचा तंतू, खसखशीचा दाणा जितका जवळून पाहावा तितका रेखीव दिसतो. यावरून हुक असा सिद्धांत काढतो की, माणसाची कला वरवरची आणि ईश्वराची आतपर्यंत पोहोचलेली. त्याच्या काळाला हे साजेसे होते, आणि ऐकायला गोडही वाटते. पण हा न्याय नव्हे. सुई कापड शिवण्यासाठी आहे, भिंगातून मिरवण्यासाठी नाही. आणि कापड व्यवस्थित शिवले जात असेल तर तिच्या टोकाला नावे ठेवण्याचा हक्क भिंगाला नाही. शिवाय लोखंडाच्या पोटात काय दडले आहे ते हुकने पाहिलेच नाही. शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने १८६३-६४ च्या सुमारास पोलाद आरशासारखे घासून, त्यावर सौम्य आम्ल लावून ते भिंगाखाली धरले. त्यात कणांची नक्षी, आणि मोत्याच्या शिंपल्यासारखे चमकणारे एकाआड एक पापुद्रे दिसले. लोहाराच्या भट्टीतून आणि पाण्याच्या हौदातून निघालेल्या पात्यात फुलपाखराच्या पंखाइतकीच सूक्ष्म रचना असते. हुक वस्तऱ्याच्या धारेवर थांबला म्हणून ती त्याला दिसली नाही.

दुसरा दोष रचनेचा. हा गृहस्थ एका विषयावर टिकत नाही. अभ्रकाच्या रंगांवरून प्रकाशाच्या स्वरूपावर, कोळशावरून ज्वलनावर, आणि शेवटी तर चक्क सूक्ष्मदर्शक खाली ठेवून दुर्बीण उचलतो आणि चंद्रावरच्या विवरांचे वर्णन करत बसतो. त्यातली रंगमीमांसा शास्त्राच्या इतिहासकारांनी जरूर वाचावी, कारण तिच्यापायी हुक आणि न्यूटन यांचे पुढे जे वितुष्ट आले त्याची मुळे तिथे आहेत. न्यूटनने प्रकाशावरील आपला मोठा ग्रंथ १७०४ साली, हुकच्या मृत्यूनंतर एका वर्षाने छापला. कुटुंबात बसून वाचणाऱ्याने मात्र ती पाने खुशाल ओलांडावीत. राजा दुसरा चार्ल्स याला केलेले अर्पण तर ओलांडावेच ओलांडावे.

चित्रांविषयी स्वतंत्र बोलले पाहिजे. पिसवेचे चित्र घड्या घालून पुस्तकात बसवले आहे. उलगडले म्हणजे दीड फुटाचे होते. उवेचे त्याहूनही मोठे, आणि तिने आपल्या पायांत माणसाचा एक केस पकडलेला आहे, भालदाराने दंड धरावा तसा. लोक समजतात की हे भिंगातून दिसले तसे उतरवून घेतले. तसे नाही. एका वेळी भिंगाखाली प्राण्याचा थोडासाच भाग स्पष्ट दिसे. उजेड बदलला की खळगा टेकाडासारखा आणि टेकाड खळग्यासारखे भासे. हुक वेगवेगळ्या उजेडांत, अनेकदा पाहून, खरा आकार कोणता याची मनाशी खात्री पटल्याखेरीज पेन्सिल उचलत नसे. म्हणजे जी पिसू आपण पाहतो ती कोणत्याही एका क्षणी कोणालाही दिसलेली नाही. ती रचलेली आहे, आणि तरी खरी आहे. ज्यांना कलेतले सत्य आणि शास्त्रातले सत्य यांच्यात मोठी दरी दिसते, त्यांनी या चित्रापुढे थोडा वेळ बसावे. आजही फार निराळे नाही: विद्युत्-सूक्ष्मदर्शकातून येणारे चित्र मुळात करडे असते, विषाणूंची जी लाल-हिरवी चित्रे २०२० पासून आपण वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर पाहत आलो, त्यांतले रंग मागाहून भरलेले असतात. फरक एवढाच की, हुक आपली पद्धत प्रस्तावनेत सांगतो.

उवेवरचा मजकूर म्हणजे तर नमुनेदार उपहास आहे. ही कोठेही न बोलावता येते, मोठ्यामोठ्यांच्या डोक्यावर पाय देते आणि तिला मुकुटाची भारी हौस, अशा अर्थाचे तो लिहितो. आणि ग्रंथ अर्पण कोणाला? राजाला! दरबारातल्या कोणाच्या हे ध्यानात आले की नाही, कोण जाणे. पिसवेविषयी मात्र तो वेगळ्याच सुरात बोलतो. तिची ताकद, तिचे सौंदर्य, तिचे काळेभोर चकचकीत चिलखत यांचे तो मनापासून वर्णन करतो. या प्राण्याचा माणसाशी काय संबंध, हा प्रश्न तो बाजूलाच ठेवतो.

तो प्रश्न विचारला एका स्त्रीने. न्यूकॅसलची डचेस मार्गारेट कॅव्हेंडिश ही कवयित्री, नाटककार आणि तत्त्वचिंतक; तिने १६६६ साली या भिंगवाल्यांच्या विरोधात एक ग्रंथच लिहिला. तिचे म्हणणे दुहेरी होते. एक, भिंग फक्त पृष्ठभाग दाखवते, आणि तोही विकृत करून. वस्तूच्या आत काय चालते ते त्याला कळत नाही. दोन, या अक्राळविक्राळ चित्रांचा उपयोग काय? उवेचे चित्र पाहून तिचे चावणे थांबते काय, तिला पकडण्याची काही युक्ती कळते काय? हुकचे चाहते तिला विक्षिप्त म्हणून उडवून लावतात. आणि विक्षिप्त ती होतीही. १६६७ साली ती रॉयल सोसायटीच्या सभेला पाहुणी म्हणून गेली तेव्हा तिला सूक्ष्मदर्शकही दाखवण्यात आले. पीप्सने मात्र लिहिले ते मुख्यतः तिच्या वेषाविषयी. पुढे १६७६ साली शॅडवेल याने रंगभूमीवर अशाच एका भिंगवेड्या पंडिताची टर उडवली. ते नाटक हुकने प्रेक्षागृहात बसून पाहिले आणि लोक आपल्याकडेच बोट दाखवतात की काय असे त्याला झाले. शॅडवेलची थट्टा आज शिळी झाली. कॅव्हेंडिशचा प्रश्न मात्र शिळा झालेला नाही.

कारण पुस्तक बाहेर पडले जानेवारी १६६५ मध्ये, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेगने माणसे पटापट मरू लागली. हुक आणि त्याचे सहकारी एप्समजवळच्या एका वाड्यात जाऊन राहिले. शहरात कुत्री-मांजरे मारली जात होती, घरांच्या दारांवर खुणा होत होत्या. आणि पुस्तकविक्रेत्यांच्या दुकानांत, दीड फुटाच्या पानावर, चिलखत घालून पिसू उभी होती.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने प्लेग ओळखला. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन याने मुंबईतच तयार केलेली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता, सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगचा जंतू तोपर्यंत सापडलेला होता, १८९४ साली हाँगकाँगमध्ये, तोही सूक्ष्मदर्शकानेच. पण तो एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जातो कसा, हे सावित्रीबाईंना, त्यांच्या रोग्यांना किंवा घरोघर झडत्या घेणाऱ्या सरकारला, कोणालाच ठाऊक नव्हते. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने एका बरणीत पिसवा असलेला आजारी उंदीर ठेवला आणि वर, त्याला स्पर्श होणार नाही अशा बेताने, पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. काही दिवसांत वरचाही प्लेगने मेला. सिमाँचे म्हणणे सुरुवातीला कोणी मानले नाही. मुंबईत परळला १९०५ नंतर झालेल्या प्रयोगांनी ते पक्के झाले. पिसवांच्या जाती अनेक. मुंबईत दोषी ठरली ती उंदरावरची.

आणि १९१४ साली इंग्लंडमध्ये बेकॉट आणि मार्टिन यांनी पिसवेचे पोट उघडून पाहिले. जंतू तिच्या अन्ननलिकेच्या पुढच्या भागात वाढतात, वाढून बोळा होतो, रक्त आत उतरत नाही. भुकेने वेडी झालेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्याबरोबर जंतू माणसाच्या अंगात ओकते. म्हणजे उत्तर चिलखताच्या आत होते. कॅव्हेंडिश म्हणाली होती की तुमचे भिंग बाहेरचेच दाखवते; हुकपुरते ते अक्षरशः खरे होते. ते आतले दिसले तेही भिंगातूनच, इतकेच तिला कळायला नको होते!

म्हणून मी कोणाची बाजू घेऊ असे कोणी विचारले तर मी दोघांचीही घेईन, आणि त्यात मला विसंगती वाटत नाही. ज्या पिसवेचे चित्र कोणी काढलेच नाही, तिच्या पोटात शिरण्याचे कोणाच्या मनात येणार? हुकच्या त्या निरर्थक, निरुपयोगी, निव्वळ कौतुकापोटी केलेल्या दीड फुटी चित्राने पिसू ही पाहण्याजोगी वस्तू झाली. पण पाहण्याजोग्या वस्तूपासून मरण टाळण्यापर्यंत दोनशे तेहतीस वर्षे लागली, आणि त्या वर्षांचा हिशेब मांडायचा तर डचेसबाईंचा प्रश्न वगळता येत नाही. नुसत्या आश्चर्याने तिचे समाधान होत नव्हते, आणि व्हायलाही नको होते.

हुक १७०३ साली वारला. शेवटी शेवटी त्याला फारसे दिसत नव्हते. उवेचे एवढे मोठे चित्र करून ठेवणाऱ्या या माणसाचे स्वतःचे खात्रीचे असे एकही चित्र आज उपलब्ध नाही.

‘मायक्रोग्राफिया’ची सगळी पाने चित्रांसह आता घरबसल्या संगणकावर फुकट उलगडता येतात. सुट्टीत मुले घरी असतील, तर क्रमाने वाचण्याच्या भानगडीत पडू नये. खाजकोलती आणि खाजकुयली आधी घ्यावी, मग मोरपीस, मग माशीचा डोळा, मग ब्रँडी प्यालेली मुंगी. बुचाचे प्रकरण जेवणानंतर, एखाद्या बाटलीचे खरेखुरे बूच हातात घेऊन वाचावे. आणि पिसवेचे पान उघडायचे ते पडद्यावर पूर्ण आकाराचे करून. थोरल्या मुलांना त्याच वेळी मांडवीची आणि कराचीच्या बरणीची हकिगतही सांगून टाकावी.